एकटीच? घरी? काही न करता?

शनिवारी माझी फ्रिंज डावीकडे भुवईपर्यंत आणि उजवीकडे कपाळाच्या मध्यापर्यंत कापली गेली. त्याचे मी रीतसर पैसे मोजले, वर हसून आभार मानले आणि बाहेर पडल्यावर पहिल्या दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिलं. कात्री जिच्या हातात होती तिला मी फार दोष देत नाही. ती ऐकत होती. सगळं पार्लरच ऐकत होतं.

इटलीत केस कापून घेताना गप्प बसायची सोय नाही. गळ्याभोवती तो काळा झगा अडकवला की लगेच प्रश्न येतो, "के फाई दि बेल्लो क्वेस्तो वीकएंड?" या शनिवार-रविवारी काय छानसं करणार आहेस? तुम्ही काहीतरी करणार आहात आणि ते छान आहे, हे दोन्ही आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त तपशील पुरवायचा.

तपशील मला खरं तर पाठ होता. बोलोन्यात नवी होते तेव्हा संध्याकाळी प्रौढांच्या सरकारी शाळेत इटालियन शिकायला जायचे. तिथल्या पुस्तकात फावल्या वेळाचा एक धडा होता. त्यात टेनिस खेळणारा माणूस, पोहणारी बाई, गिटारवाला मुलगा आणि पिझ्झेरियात दात काढून हसणारे चार मित्र. खाली चौकट: सेम्प्रे, स्पेस्सो, क्वाल्के व्होल्ता, माय. नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, कधीच नाही. प्रत्येकाने उठून एक वाक्य बोलायचं. एका हॉटेलात काम करणारा बांगलादेशी स्वयंपाकी उभा राहिला आणि म्हणाला, काम नेहमी, फावला वेळ कधीच नाही. बाईंनी त्याचं क्रियापद दुरुस्त केलं आणि पुढच्याकडे वळल्या.

माझ्या वाट्याला पोहणारी बाई आली. 'मी बऱ्याचदा पोहायला जाते.' कृष्णेच्या काठी वाढूनही मला पोहता येत नाही. पण त्या एका वाक्यावर मी या देशात बरीच वर्षं काढली. दाताची डॉक्टर, घरमालकीण, बँकेतला तो टाय सैल केलेला माणूस, सगळ्यांच्या मनात मी आठवड्यातून कित्येक मैल पोहत असते. कुणी खोदून विचारत नाही. पोहणं म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं.

शनिवारी मात्र मी दमले होते. बोलोन्या आणि आसपासचा पट्टा हा पॅकिंगच्या यंत्रांचा मुलूख. औषधाच्या गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटं, काय म्हणाल ते गुंडाळणारी यंत्रं इथे बनतात आणि जगभर जातात. टी-बॅगांचीही. सांगलीची मी. आमच्या घरी चहा नीट उकळला नाही तर पाहुणा वर्षभर त्याचा उल्लेख करतो. त्या मी अख्खा आठवडा टी-बॅगेच्या कागदाला घडी कुठे पडावी यावर घालवला होता. मिलिमीटरच्या दशांशावरून तीन मीटिंगा झाल्या. त्या तिन्हींत कुणाला चहाबद्दल काहीही वाटत नव्हतं. अशा आठवड्यानंतर खोटं पोहायलाही अंगात त्राण लागतं.

म्हणून खरं बोलले. "काही नाही. घरी असेन. एकटीच."

कात्री थांबली.

"घरी?"

"हो."

"एकटी?"

"हो."

"पण मग करतेस काय?"

"बसते."

आता हे मला नीट समजावून सांगता यायला हवं होतं. शनिवारी दुपारी मी पातेल्यात आलं ठेचून घालून चहा करते, आतल्या चौकाकडच्या बाल्कनीत बसते, पालथ्या बादलीवर पाय ठेवते आणि समोरच्या इमारतीतल्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे बघते. मनातल्या मनात जुन्या साहेबांशी भांडते. त्यात जिंकते. अंधार पडू लागला की उठते. हे सगळं मराठीत मी कुणालाही सहज सांगेन. इटालियनमध्ये मी यंत्राच्या दात्यांवर अर्धा तास बोलू शकते, पण 'मी बाल्कनीतून समोरच्यांचे कपडे बघते' हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते थेट पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटू लागलं. केस धुणारी मुलगी एक पाऊल मागे सरकली, असा मला संशय आहे.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "पोव्हेरीना!" बिचारी!

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई केसांना रंग लावून बसल्या होत्या. सगळ्या डोक्यावर रुपेरी फॉइलच्या पुड्या. फॉइलमुळे चष्मा घालता येत नव्हता, त्यामुळे त्यांनी सगळी कणव दाराजवळच्या कोटाच्या स्टँडकडे बघत व्यक्त केली. स्टँडवर माझं जाकीट होतं, म्हणजे अंदाज अगदीच चुकला नव्हता.

"नवरा?" त्यांनी स्टँडला विचारलं.

"नाही," मी खुर्चीतून म्हटलं.

"आई?"

"आहे. सांगलीला. भारतात."

"आणि तिने तुला एकटीला इकडे पाठवलं?"

"मी एकेचाळीस वर्षांची आहे, सिन्योरा."

"तेच तर म्हणतेय मी!"

यावर पार्लरमध्ये एकमत झालं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, रविवारी दुपारी जेवायला कुणाकडे जातेस? कुणाकडे नाही, म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला. फॉइल खुळखुळली. मग बैठकच सुरू झाली. ड्रायरखालच्या बाईंनी, ड्रायर चालू असल्यामुळे ओरडून, बचाता नाचाच्या क्लासचं नाव सुचवलं. केस धुणाऱ्या मुलीने कुत्रा पाळायला सांगितलं. कुत्र्यामुळे ओळखी होतात, म्हणे. तिच्या मावशीचं दुसरं लग्न एका डाल्मेशियनने जमवलं. चर्चच्या गायनवृंदात अल्टोचा आवाज कमी पडतोय, अशीही माहिती मिळाली. मी हिंदू आहे हे सांगायला तोंड उघडलं, तर "गाण्याला काय धर्म असतो!" म्हणून गप्प केलं. आणि माझी केस कापणारी, जी स्वतः दर मंगळवारी बचाता करते, तिने पायांची हालचाल जागेवर करून दाखवली. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला कंबर. चौथ्याला माझी उजवी बाजू गेली.

मी विचारलं, "आणि तुम्ही हो सिन्योरा? तुम्ही दुपारी काय करता?"

विचारायचाच अवकाश. दर गुरुवारी त्या कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून 'सेत्तिमाना एनिग्मिस्तिका' आणतात. शब्दकोड्यांचं साप्ताहिक आहे ते, १९३२ पासून निघतंय. समुद्रकिनारी, ट्रेनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, इटलीत ते कुठेही दिसतं. आपली असंख्यांनी नक्कल करायचा प्रयत्न केला, असं ते स्वतःच स्वतःबद्दल छापतं. तर बाई ते आणतात. जेवण झालं की दाराला आतून कडी घालतात. फोनचा रिसीव्हर काढून ठेवतात. शिसपेन्सिल वापरत नाहीत, पेन वापरतात. बेल वाजली तरी उठत नाहीत. एकदा मुलगा दुरून, अंकोनाहून आला होता, त्यालाही उघडलं नाही, कारण मोठं कोडं अर्ध्यावर होतं. तो खाली बारमध्ये जाऊन बसला.

"म्हणजे तुम्हीही एकट्याच असता," मी म्हटलं.

बाईंनी कोटाच्या स्टँडकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं की मला स्टँडचीच दया आली. "एकटी? अगं, मी शब्दकोडं सोडवत असते!"

आणि मग त्यांना भाचा आठवला. भाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा, लग्न झालेलं नाही, स्वभावाने सोनं. फक्त शनिवार-रविवारी भेटत नाही, कारण पहाटे चार वाजता उठून आपेन्नीनोच्या डोंगरात मशरूम गोळा करायला जातो.

"कुणाबरोबर?"

"मशरूमला कुणी कुणाबरोबर जातं का?" बाई म्हणाल्या. "एकटाच."

मी आरशात स्वतःकडे बघितलं. कुणीच हसत नव्हतं.

बाईंनी त्याला तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. कानाला फॉइल होती ना. बराच वेळ रिंग गेली आणि मग झाडाच्या बुंध्यामागून आल्यासारखी कुजबुज ऐकू आली. "मावशी, आत्ता नाही. इथे माणसं आहेत." आणि फोन कट. बाईंनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. किती कामात असतो बघा.

तुम्हाला गंमत वाटेल, पण हे प्रकरण इथे फार गंभीर आहे. मशरूम गोळा करण्यावर १९९३ चा देशाचा कायदा आहे. माणशी दिवसाला जास्तीत जास्त तीन किलो. प्लास्टिकच्या पिशवीत न्यायचं नाही, करंडीच हवी, म्हणजे बीजाणू वाटेत सांडतात आणि पुढच्या वर्षाची सोय होते. बऱ्याच जंगलांसाठी पैसे भरून परवाना काढावा लागतो. आणि पोर्चिनी जातीची मशरूम नेमकी कुठे उगवतात ती जागा कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. गाडी एका गावात लावून दुसऱ्या गावापर्यंत चालत जाणारे लोक आहेत. खोटं बोलणं, लपणं, माणूस दिसला की झुडपात शिरणं, हे सगळं त्यात बसतं, आणि त्याला कुणी एकलकोंडा म्हणत नाही. सोमवारी करंडीचा फोटो दाखवला की झालं.

तेव्हापासून मी या गोष्टीचा, थोड्या रागानेच, अभ्यास करते आहे. इथे एकटं असायला कुणाची हरकत नाही. हातात काहीतरी पाहिजे. गळ पाहिजे, कुत्र्याचा पट्टा पाहिजे, पेन पाहिजे, करंडी पाहिजे. सांत लूकाच्या टेकडीवर जाणारी कमानींची वाट आहे, जवळजवळ चार किलोमीटर, सहाशे सहासष्ट कमानी. तिथे रोज शेकडो लोक एकेकटे चढताना दिसतात. त्यांच्या पायात बूट योग्य असतात, त्यामुळे कुणी हळहळत नाही. देशातल्या साधारण दर तीन घरांपैकी एका घरात एकटं माणूस राहतं. एवढी सगळी माणसं संध्याकाळी घरी जाऊन काय करतात? बसत असणारच की काही जणी. पण पार्लरमध्ये विचारा, सगळ्या बचाता करतात.

आणि ज्यांच्या हातात काहीही नसतं, त्यांचीही इथे सोय आहे, फक्त ती पुरुषांची आहे. बोलोन्यात त्यांना उमारेल म्हणतात. निवृत्त माणूस, हात पाठीमागे बांधलेले, कुठेही खोदकाम दिसलं की कठड्याजवळ उभा राहून तासन्‌तास बघणार. मधूनच मान हलवणार, मधूनच कामगाराला सल्ला देणार. या लोकांवर शहराचं इतकं प्रेम आहे की एका छोट्या चौकाला त्यांचं नाव दिलंय. शब्दकोशातसुद्धा पोचलेत. सध्या तर ट्रॅमचं काम काढल्यामुळे निम्मं शहर उकरलेलं आहे आणि उमारेलांची चैन आहे. आमच्या बोलोन्यीना भागात सकाळी नऊलाच चांगल्या जागा भरतात.

म्हटलं, आपणही बघावं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गेले, कठड्याशी उभी राहिले, हात पाठीमागे बांधले. खड्ड्यात पाइप उतरवत होते. खरंच बघण्यासारखं होतं. बाजूच्या आजोबांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. एवढ्यात हेल्मेटवाला कामगार काम सोडून वर आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "सिन्योरा, काही मदत हवी आहे का?" मी म्हटलं, नाही, बघतेय. तो म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" आजोबा सरकून दुसऱ्या कठड्याला गेले.

उगाच इटालियन लोकांवर राग काढण्यात अर्थ नाही, हेही कळतं. आमच्या सांगलीच्या घरी आजोबा दुपारी ओट्यावर बसलेले असायचे. रस्त्याने जाणारा विचारायचा, "काय आण्णा, काय चाललंय?" "काही नाही, बसलोय." एवढ्यावर दोघांचंही भागायचं, तो पुढे जायचा. आजीला कुणी तसं बसलेलं बघितलंच नाही. ती टेकली की तिच्यापुढे मेथीची जुडी यायची, नाहीतर निवडायचे तांदूळ, नाहीतर कुणाचं तरी पोर. 'बसलीच आहेस तर' हे त्या घरातलं सर्वांत क्रूर वाक्य होतं, आणि ते फार प्रेमाने बोललं जायचं. आईला व्हिडिओ कॉलवर पार्लरचं सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पण खरंच गं, तू काय करतेस एकटी? बसलीच असतेस तर एखादा कोर्स का करत नाहीस?"

रविवार राहिलाच सांगायचा. दुपारी तीनला, नेमकी मी दुसरा चहा गाळत असताना, बेल वाजली. फॉइलबाई. फॉइल काढल्यावर केस बाकी सुरेख दिसत होते, दोन्ही बाजूंना सारखे. पत्ता पार्लरच्या वहीतून मिळाला. या देशात मी दाताच्या डॉक्टरकडे, जिममध्ये, ग्रंथालयात, अगदी त्याच पार्लरमध्येसुद्धा 'प्रायव्हसी'च्या कागदावर सही केलेली आहे. माझी जन्मतारीख विचारताना लोक आवाज खाली आणतात. आणि माझं दार, मजला, बेलवरचं नाव हे सगळं एका बाईला केस रंगवता रंगवता मिळालं, कारण मी बिचारी होते. बिचाऱ्या माणसाला प्रायव्हसी लागत नाही, असा बहुधा पोटनियम असावा.

"चल," बाई म्हणाल्या. "तुला एकटीला सोडवेना."

खाली जिन्यात खरं कारण कळलं. त्यांचा बुर्राकोचा अड्डा असतो. बुर्राको म्हणजे पत्त्यांचा खेळ, दोन-दोनच्या जोड्यांनी खेळतात, दोन कॅट आणि चार जोकर मिळून एकशे आठ पत्ते. चौथी बाई मुलीकडे रिमिनीला गेलेली. तिघींनी काय खेळायचं?

मला खेळ येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. अकरा पत्ते हातात कोंबले गेले. पुढचे दोन तास त्या बैठकीत कुणी कुणाशी अवाक्षर बोललं नाही. मी कुठली, काय करते, सांगली कुठे आली, माझ्या कपाळाला काय झालं, काही नाही. सगळ्या आपापल्या पत्त्यांत मान घालून. फक्त मी टाकलेल्या पत्त्यांचा ढीग उचलला तेव्हा माझी जोडीदारीण किंचाळली, आणि मी नाही उचलला तेव्हा फॉइलबाई किंचाळल्या. मध्ये एकदा चहा आला. टी-बॅगेचा. घडी व्यवस्थित होती. आम्ही हरलो. निरोप घेताना बाईंनी माझे दोन्ही गाल ओढले आणि म्हणाल्या, "बघ, घरी बसण्यापेक्षा किती बरं वाटलं ना!" पुढच्या रविवारी चौथी बाई परत येते आहे, असंही लगेच सांगून टाकलं. म्हणजे मी पुन्हा एकटीने बसायला मोकळी. त्याबद्दल कुणालाही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मंगळवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सहकाऱ्याने विचारलंच. काय छानसं केलंस वीकएंडला?

मी कपातली साखर ढवळत राहिले आणि म्हटलं, "मशरूमला गेले होते."

तो ताठ झाला. बाजूचे दोघंही वळले. "एकटी?"

"मग? मशरूमला कुणी कुणाबरोबर जातं का?"

तिघांनीही मान डोलावली. इतका आदर मला टी-बॅगेच्या घडीने कधी मिळवून दिला नव्हता. मग सहकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, जवळ सरकला आणि अगदी हळू विचारलं, "कुठे?"

मी नुसतं हसले. संभाषण संपलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मला हवं तिथे संपलं.

संपलं म्हणजे, गुरुवारपर्यंत. गुरुवारी तिघांनी मिळून ठरवलं की पुढच्या सोमवारी मी थोडी पोर्चिनी ऑफिसात आणावी. ओळखण्यात चूक होईल अशी भीती असेल तर सरकारी आरोग्यखात्यात मशरूमतज्ज्ञ बसतो, तो फुकट तपासून देतो, तेवढं करून आण. पत्ताही लिहून दिला.

तर आज शनिवार, आणि बाल्कनीत बसायचं सोडून मी बाजारात मशरूमवाल्यासमोर उभी होते. त्याची पोर्चिनी लखलखीत पुसलेली, ओळीने मांडलेली. मी म्हटलं, जरा माती असलेली मिळतील का?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून दुसरी करंडी काढली. त्यात बीचची वाळकी पानंसुद्धा होती.

"ऑफिससाठी?" त्याने विचारलं.

मी काही बोलले नाही.

"पार्माकडची सांगणार की मोदेनाकडची?" तो वजन करत म्हणाला. "बोर्गोतारोची म्हणू नका. तिकडची जागा सगळ्यांनाच बघायची असते."